टायरातलं पाणी

हरणाच्या शिकारीच्या परवान्यासाठी काढतात त्या सोडतीत आपलं नाव निघालं हे कळलं त्या दिवशी ऑर्व्हल क्रँडलनं आनंदाच्या भरात बायकोला उचलायला दोन्ही हात पुढे केले आणि गुडघ्यांनी त्याला जागच्या जागी खाली बसवलं. नेडीन ओट्यापाशी उभी होती तशीच उभी राहिली. म्हणाली, "मला उचलवत नाही तुला, आणि डोंगरावरून दोन मणांचं हरीण काय मी आणू?"

बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं. विधवेची घळ म्हणतात त्या शिकारीच्या पट्ट्यासाठी ऑर्व्हल इतकी वर्षं अर्ज करत होता, की पहिला अर्ज ज्या पोस्टमास्तरानं शिक्का मारून पाठवला तो आता टेकडीवरच्या कबरस्तानात झोपला होता. एकदा नाव निघालं की माणूस परत रांगेच्या शेपटाशी जातो. ऑर्व्हलचं वय सत्तरीला टेकलेलं. शिवाय नोव्हेंबरात दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते, आणि डॉक्टरनं स्वच्छ सांगून टाकलं होतं की त्यानंतर पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणं नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते याच ऑक्टोबरात. पुढच्या खेपेला म्हणून काही उरलं नव्हतं.

ऑर्व्हलनं जन्मभर काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला. समोर दिसेल तो उंचवटा खरवडायचा आणि सरळ जायचं, हा त्या यंत्राचा स्वभाव. आणि इतकी वर्षं त्यावर बसून तो माणसालाही लागला होता. वळसा घालणं त्याला जमत नसे. कुणापाशी जाऊन काही मागणं तर त्याहून नाही.

नर त्याला जुलैतच सापडला. म्यूल डिअरचे कान तसे सगळ्यांचेच खेचरासारखे मोठे, पण याचं उजवं शिंग कानावरून खाली लोंबत होतं. लहानपणी कुठंतरी मार बसला असावा. डावं मात्र असं पसरलेलं, की ऑर्व्हलनं दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. त्यानं त्याचं नाव वाकड्या ठेवलं आणि घरी येऊन नेडीनला सांगितलं. नेडीन म्हणाली, नाव ठेवलंस म्हणजे आता तुला तो मारवणार नाही. ऑर्व्हल म्हणाला, मारीनही आणि तुला त्याचा स्टेकही खायला घालीन.

वाकड्या पाण्याला यायचा तो एका टायरावर. शेजारी गुरं पाळणाऱ्या पीट इरिबार्नेच्या बापानं कोणे एके काळी सोन्याच्या खाणीतल्या डंपरचं टायर, माणसाच्या छातीइतकं उंच, अर्धं कापून घळीच्या माथ्यावर आणून टाकलं होतं. तळ सिमेंटनं बुजवलेला. वरच्या झऱ्यापासून काळा पाइप येऊन त्यात पडायचा आणि उन्हाळाभर ते कुंड भरलेलं असायचं. खालच्या ओढ्यापर्यंत कोरड्या सेजच्या झुडपांशिवाय दुसरं काही नव्हतं. ऑर्व्हलनं कुंडापासून दीडशे पावलांवर जुनिपरच्या दोन झाडांमध्ये गोणपाट बांधून आडोसा केला, आत एक घडीची खुर्ची ठेवली, आणि जुलैभर संध्याकाळी जाऊन बसला. वाकड्या येत होता. ऊन कललं की येत होता, पाणी पीत होता, मान वर करून बघत होता आणि सावकाश निघून जात होता. ऑर्व्हलला वाटलं, झालं आता. फक्त ऑक्टोबर यायचाय.

ऑक्टोबरच्या आधी पीटच्या गाई आल्या.

त्यात पीटचं काही चुकलं नव्हतं. सरकारी जमिनीवर चराईचा परवाना त्याचा, उन्हाळ्याच्या अखेरीला गुरं घळीच्या वरच्या अंगाला आणायची हा त्याच्या बापापासूनचा शिरस्ता. या मुलुखात गाय मोकळी असते आणि कुंपण माणसानं घालायचं असतं. तुमच्या परसातली कोबी गाईनं खाल्ली तर कायदा तुम्हालाच विचारतो, कुंपण कुठंय. हे ऑर्व्हलला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या हरणाच्या पाण्यात शेपट्या हलवत चाळीस गाई उभ्या बघणं वेगळं.

त्या दिवसभर हलतच नसत. कुंडाभोवतीचं गवत त्यांनी आठवड्यात मातीला लावलं. ओल होती तिथं गुडघाभर चिखल आणि शेण, त्यावर माशांचे ढग. एकीनं ऑर्व्हलच्या आडोशाला पाठ घासून तो पाडला, दुसरीनं गोणपाट चघळलं. आणि त्यांच्यात एक लाल, पांढऱ्या तोंडाची, शेपटीचा गोंडा तुटलेली म्हातारी गाय होती. ती तर ऑर्व्हलकडे ढुंगण करून बरोबर कुंडाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहायची, रवंथ करत, जणू सारा डोंगर तिला आंदण दिलाय. ऑर्व्हल तिला बाईसाहेब म्हणू लागला. म्हणायचा दातओठ खाऊन.

सप्टेंबर उजाडला आणि वाकड्या दिसेनासा झाला. ऑर्व्हल पहाटे जाऊन बसे. ऊन तापलं की उतरून घरी येई, जेवून आडवा होई आणि संध्याकाळी पुन्हा वर. पहाटे गाई. संध्याकाळी गाई. त्यानं दगड मारले, टोपी हलवत ओरडला, एकदा तर लंगडत लंगडत सगळ्या कळपाला खिंडीपलीकडे हाकलून आला आणि दोन दिवस अंथरुणाला खिळला. तिसऱ्या दिवशी वर गेला तर बाईसाहेब ढुंगण करून हजर.

रात्री जेवताना त्याची तीच टकळी. हरणाला गाईचा वास सहन होत नाही, ते लाजरं जनावर, कुठं दुसऱ्या काउंटीत निघून गेलं असेल, आणि मी जन्मभर थांबलो तो काय शेण बघायला? नेडीननं चार दिवस ऐकून घेतलं.

"पीटकडे जा," ती म्हणाली. "कॉफी पी आणि सांग त्याला. गाई थोड्या खाली घे म्हणावं. तो काय खातो का तुला?"

"त्याच्या गाई त्याच्या कुरणात चरतात, हे मी त्याला जाऊन सांगू?"

"सांगू नकोस. विचार. विचारायला तोंड झिजतं का?"

खोऱ्यातली रीतही तीच होती. ट्रॅक्टर हवा, बांधाचं भांडण असो, कुणाचा कुत्रा कोंबड्या मारत असो, माणूस शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो, हवेविषयी बोलतो, दुसरा कप संपता संपता मूळ गोष्ट काढतो. पण विचारायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक द्यायची, आणि हो म्हणाला तर त्याचे उपकार. ऑर्व्हलच्या पोटात ते उतरत नव्हतं. त्याला कायदा सोपा वाटला. परवान्यावर तारीख असते. सप्टेंबर संपला की वरचं कुरण रिकामं करायचं. पीट दरवर्षी दोन-तीन आठवडे उशीर करायचा आणि कुणी त्याला काही म्हणत नसे. मग यंदा कुणी म्हटलं तर काय बिघडलं?

उचलली जीभ लावली टाळ्याला. नेडीन बाजारात गेली असताना त्यानं चराईच्या ऑफिसला फोन लावला. आवाज जरा जाड करून म्हणाला, विधवेच्या घळीतल्या गुरांची तारीख टळत चाललीय, तुमचं लक्ष आहे का. पलीकडे एका बाईनं फोन घेतला होता.

"नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, मिस्टर क्रँडल," ती म्हणाली. "नोंद करून घेते."

ऑर्व्हलनं फोन ठेवला. कान गरम झाले होते. पण गरम कान निवतात, हरणाचा मोसम परत येत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं.

आणि काम झालं. मोसम उघडायच्या आधल्या दोन दिवसांत पीट त्याच्या भावाला आणि कुत्र्यांना घेऊन घोड्यावरून वर गेला आणि कळप खाली घेऊन आला. ऑर्व्हल खिडकीतून रस्त्यावरची धूळ बघत होता. गाई हंबरत घरावरून गेल्या तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की त्यानं नेडीनच्या समोर शिट्टी वाजवली. नेडीननं धुळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. संध्याकाळी वाढताना ताट जरा आपटलं, इतकंच.

पहिल्या दिवशी तो अंधारात वर चढला. ऑगस्टच्या पुरानं घळीतला गाडीरस्ता वाहून नेला होता, त्यामुळे गाडी खाली ठेवून पाऊण तासाची चढण. त्याला सव्वा तास लागला. आडोसा त्यानं नव्यानं बांधला होता. खुर्चीवर बसला, बंदूक मांडीवर घेतली. उजाडलं. एकही गाय नाही. माशीसुद्धा नाही. कावळा कुठंतरी ओरडला तेवढाच आवाज. ऑर्व्हलला वाटलं, चर्चमध्येसुद्धा आपल्याला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं.

सूर्य चांगला वर आला तरी काही आलं नाही. शांततेत काहीतरी उणं होतं आणि ते काय हे त्याला कळायला फार वेळ लागला. पाइपातून पाणी पडल्याचा आवाज नव्हता.

तो उठून कुंडापाशी गेला. बूच काढून कुंड रिकामं केलेलं, टायराच्या तळाशी हिरवा गाळ, त्यालाही भेगा पडायला लागलेल्या. पाइपाचं तोंड कोरडं. वर चढून पाहिलं तर झऱ्याच्या पेटीला कुलूप आणि पाइप मधल्या सांध्यावर उघडून ठेवलेला, हिवाळ्यात ठेवतात तसा, आत पाणी गोठून फुटू नये म्हणून. झऱ्याचं पाणी पेटीमागे दगडांत झिरपून जात होतं. जिभेला लागेल इतकीही ओल कुठं नव्हती. ऑर्व्हल सांध्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं बऱ्याच गोष्टींना शिव्या दिल्या. स्वतःला द्यायची वेळ अजून यायची होती.

दुपारी तो पीटकडे गेला. पीट इरिबार्ने खळ्यात घोड्याचा खूर मांडीवर घेऊन नाल ठोकत होता. बुटका, रुंद, मिशीत पांढरं शिरलेला, मूळचा स्पेनकडच्या बास्क लोकांतला. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. खिळे तोंडात धरून त्यानं मान हलवली. ऑर्व्हल हवेविषयी बोलला. पीट हवेविषयी बोलला. मग ऑर्व्हल म्हणाला, वरचं पाणी यंदा लवकर बंद केलंस वाटतं.

पीटनं खिळे हातात घेतले. "गाई नाहीत तर पाणी कुणासाठी? गाई वर असल्या की मी दोन दिवसांआड वर जातो, पहाटेचा बर्फ फोडतो, पाइप बघतो. दरवर्षी हरणाचा मोसम होईपर्यंत ठेवायचो मी गाई. तेवढ्या निमित्तानं पाणी चालू राहायचं. माझंही काम व्हायचं, हरणांचंही."

"मग यंदा?"

"यंदा ऑफिसातून फोन आला. कुणीतरी तारखेची आठवण करून दिली म्हणे." पीट खिळा ठोकायला लागला. "तारीख ती तारीख. मी म्हटलं बरोबर आहे बाबा, आणतो खाली."

ऑर्व्हल घोड्याच्या खुराकडे बघत होता. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पीट, आठवडाभर पाणी चालू कर रे. झऱ्याच्या पेटीची किल्ली खळ्यावरच्या कोठाराच्या दारामागेच, खिळ्याला लटकत होती. ऑर्व्हलला दिसत होती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे त्याच्या आधी दुसरं एक बोलावं लागणार होतं, आणि त्यासाठी काही त्याचं तोंड उघडेना. तो म्हणाला, घोडं छान आहे. पीट म्हणाला, म्हातारं झालंय. ऑर्व्हल घरी आला.

आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण मारल्यावर तोच धोंडा पाठीवर घेऊन डोंगर चढणारा मी एक ऑर्व्हलच पाहिला. मारलेलं हरीण खाली आणण्यासाठी पाठीवर बांधायची ॲल्युमिनियमची चौकट असते. तिला त्यानं वीस लिटरचा पाण्याचा डबा बांधला. एवढंसं पाणी त्या टायरात ओतलं तर तळसुद्धा भिजला नसता, म्हणून नेडीनचं जॅम करायचं मोठं इनॅमलचं पातेलं घेतलं. नेडीन दारात उभी राहून बघत होती.

"माझ्या पातेल्यातून हरीण पाणी पिणार?"

"वाकड्याला पाणी लागतं. त्याला या जागेची सवय आहे. तो येणार."

"किल्ली मागितली असतीस तर दोन मिनिटांचं काम होतं," नेडीन म्हणाली. पातेल्याला पोचा आला तर घरात घेणार नाही, हेही म्हणाली.

तो वर जायला किती वेळ लागला ते विचारू नका. दर दहा पावलांवर थांबायचा, गुडघे दाबायचा, डब्यातलं पाणी पाठीमागं डुचमळायचं. पातेलं टायराच्या सावलीत ठेवून त्यानं ते काठोकाठ भरलं, आडोशात बसून अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि परत गेला.

पहाटे येऊन बघतो तर पातेलं पालथं. चाटून स्वच्छ केलेलं. भोवती खूर उमटलेले, हरणाचे नव्हेत, चांगले थाळीएवढे. शेजारी ताजं शेण.

खिंडीच्या जुनिपरांतून ती बाहेर आली तेव्हा ऑर्व्हलला आधी विश्वास बसेना. पांढरं तोंड, गोंडा तुटलेली शेपटी. बाईसाहेब. सगळा कळप खाली गेला, कुत्र्यांनी डोंगर पिंजून काढला, आणि ही रानात दडून बसली. आता भुकेली नाही पण तहानेली, त्याच्याकडे बघून हंबरत होती. ऑर्व्हल खुर्चीवर बसला आणि त्याला अक्षरशः रडू आलं. रागाचं रडू, दुसरं कसलं नाही.

पीटला कळवावं, हे त्याच्या मनात आलं. पण कळवलं तर पीट घोडा आणि कुत्री घेऊन येणार, डोंगर दणाणून सोडणार, आणि वाकड्या आसपास असलाच तर उरलेले दिवसही गेले. शिवाय पीटकडे जायचं म्हणजे पुन्हा ते वाक्य. त्यानं गाईला ओढ्याच्या दिशेनं हाकललं. पार कुंपणापर्यंत नेऊन सोडलं. तो परत चढून येईपर्यंत ती दुसऱ्या वाटेनं त्याच्याआधी येऊन पालथ्या पातेल्याला नाक लावून उभी होती.

मग रोजचाच खेळ सुरू झाला. ऑर्व्हल पाणी आणी, ती पिई. त्यानं एकाचे दोन डबे केले, दोन खेपा केल्या. तिला आधी पाजलं की ती जाईल आणि उरलेलं हरणाला राहील, असा हिशेब. ती जात नसे. पोट भरल्यावर तिथंच बसून रवंथ करी. त्यानं शिव्या दिल्या तर कान हलवी. चार-पाच दिवसांत अशी वेळ आली की खालून डब्याचा खडखड आवाज आला की ही वाटेवर पुढे चालत येई, लेकीनं माहेरचा माणूस बघावा तशी. ऑर्व्हल म्हणे, हट मेले. आणि पाणी ओते. न ओतून काय करणार? तहानेलं जनावर समोर उभं असताना डबा बंद ठेवणं काही त्याच्यानं झालं नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले. नेडीन रोज रात्री बर्फ लावत होती आणि आता टोमणेही मारत नव्हती, याचीच ऑर्व्हलला जास्त भीती वाटत होती.

मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी तो शेवटचे दोन डबे घेऊन वर गेला. बाईसाहेबांना पाजलं. पातेलं पुन्हा भरलं. आडोशात बसला. मावळल्यावर बार काढायला बंदी, आणि सूर्य डोंगराच्या कडेपासून चार बोटं वर होता. गाय उठून पुन्हा पातेल्याशी गेली. ऑर्व्हलनं डोळे मिटले. आता पिऊन टाक बाई सगळं, त्यानं मनात म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा तिच्या पाठीवर शिंगं उगवली होती.

वाकड्या तिच्या पलीकडे उभा होता. इतका चिकटून, की तिच्या पाठीच्या वर फक्त त्याची मान, मोठाले कान आणि ती शिंगं, एक आभाळात पसरलेलं, एक कानावरून लोंबणारं. तो गाईकडे बघतसुद्धा नव्हता. लाजला नव्हता, बिचकला नव्हता. तिची मान वर येण्याची वाट बघत होता, पाणवठ्यावर माणसं रांगेत थांबतात तसा.

ऑर्व्हलनं बंदूक उचलली. मानेवर मारता आलं असतं. पण मानेच्या खाली वीतभर अंतरावर पीटच्या गाईची पाठ होती. मध्ये दुसरं जनावर असताना बार काढायचा नाही, हे बापानं त्याला बंदूक हातात द्यायच्या आधी शिकवलेलं. एक पाऊल. गाईनं एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी पुरे होतं. सूर्य दोन बोटांवर आला. गाय पीत होती. सूर्य कडेला टेकला.

शेवटी त्यानं बुटाच्या टोकानं एक बारीक खडा ढकलला, तिनं जरा सरकावं म्हणून.

खडा रिकाम्या डब्याला लागला. टण.

बाईसाहेबांनी मान वर केली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिनं सरळ आडोशाकडे पाहिलं आणि प्रेमभरानं हंबरून चालायला लागली, ऑर्व्हलकडे. तिच्यामागचा नर क्षणभर उघडा पडला, आडवा, बरगडीसकट, आयुष्यभर वाट पाहावी असा. पण गाय जिकडे बघते तिकडे त्यानंही पाहिलं. ऑर्व्हलचा गाल दस्त्याला लागेपर्यंत वाकड्या चारी पाय एकदम उचलून टणाटण उड्या मारत सेजच्या उतारावरून निघाला होता. कड्यावर एकदा थांबला. मग नव्हता. सूर्यही नव्हता.

गाय आडोशापाशी आली आणि तिनं डब्यात नाक घातलं.

ऑर्व्हलजवळच्या शिव्या संपल्या होत्या. त्यानं बंदुकीतून काडतुसं काढली, डबे चौकटीला बांधले, ती पाठीवर चढवली आणि खाली निघाला. डबे खडखडत होते. मागून खुरांचा आवाज येत होता. गाडीपाशी पोचल्यावर त्यानं डबे मागच्या फळीला लटकवले आणि चालत्या माणसाच्या वेगानं गाडी सोडली. गाय डब्यांच्या मागे चालत राहिली. पीटच्या फाटकापाशी त्यानं उतरून फाटक उघडलं, तिला आत घेतलं, आणि होतं तसं लावलं. दिवेलागण झाली होती. पीट कंदील घेऊन पायरीवर आला. त्यानं ऑर्व्हलकडे पाहिलं, मग गाईकडे.

"हे काय," तो म्हणाला, "जिवंतच आणलंस?"

ऑर्व्हलला हसू आलं नाही. पीटनं त्याला हाताला धरून आत नेलं. शेगडीवर सॉसेज घातलेला घेवडा शिजत होता. पीटनं दोन कप कॉफी ओतली, गुडघ्यांखाली स्टूल सरकवलं. या वेळी ऑर्व्हल हवेविषयी बोलला नाही.

"पीट, तो फोन मी केला होता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू ठेवलास तेव्हापासून. त्या ऑफिसातली ती बाई माझ्या भावाची मेहुणी." पीटनं कॉफी फुंकली. "मला राग फोनचा नाही आला. तू त्या दिवशी खळ्यात आलास, किल्लीकडे बघत उभा राहिलास आणि घोडं छान आहे म्हणालास, त्याचा आला. मी म्हटलं, आता विचारील. आता विचारील. लेका, तू विचारलंच नाहीस."

ऑर्व्हलनं कप खाली ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं. पाण्याच्या खेपा, पातेलं, बाईसाहेब, शेवटी वाकड्या गाईच्या पाठीमागं कसा येऊन उभा राहिला ते. एवढंच त्याला कळत नव्हतं, तो म्हणाला, की सबंध सप्टेंबर गाईंच्या वासानं पळालेलं हरीण आज गाईला खेटून कसं उभं राहिलं.

पीटनं कप तोंडाशी नेता नेता थांबवला.

"वाकड्या शिंगाचा? उजवं खाली आलेलं?"

"तोच."

"तो कुठं पळाला होता? सप्टेंबरभर रोज भर दुपारी यायचा की. टळटळीत उन्हात. गाई सावलीला बसायच्या आणि हा त्यांच्यातून वाट काढत टायरापाशी जायचा. गाई उठत नसत, हाही बघत नसे. मी पाइप बघायला गेलो की हमखास दिसायचा. मला वाटायचं, तूही बघतच असशील. रोज तर वर असायचास." पीटनं कप खाली ठेवला. "दुपारी कुठं असायचास तू?"

ऑर्व्हलनं शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. बाहेर खळ्यात गाय एकदा हंबरली.

"घरी," तो म्हणाला. "जेवायला."

पीटनं उठून त्याच्यासमोर घेवड्याची ताटली ठेवली आणि बाहेर जाऊन कोठाराच्या दारामागची किल्ली आणून तिच्याशेजारी ठेवली. मोसम संपला होता. ऑर्व्हलनं किल्ली उचलून पाहिली, परत ठेवली, आणि जेवायला लागला. नेडीनचं पातेलं वर टायरापाशीच राहिलं होतं.